ताजुद्दीन मुकादमांची असेसरी

कोर्टाचा बेलिफ दुकानाची पायरी चढला तेव्हा ताजुद्दीन मुकादमांचे दोन्ही हात कोपरापर्यंत डांबरात होते. रेवस बंदरावर होडीला लागणारं सगळं काही त्यांच्या दुकानात मिळे. सुंभ, खिळे, शिडाचं कापड, कंदिलाच्या काचा. डांबर मात्र ते स्वतःच काढून देत, कारण दुसऱ्या कुणी काढलं की गिऱ्हाइकाला जास्त जातं असा त्यांचा अनुभव होता. बेलिफानं कागद पुढे केला आणि सही मागितली. मुकादमांनी काळे हात दाखवले. बेलिफाला तीनच्या मोटारीनं अलिबागेस परत जायचं होतं. त्यानं मुकादमांचा अंगठा धरला, कागदावर टेकवला, खाली ‘निशाणी अंगठा’ असं लिहिलं आणि तो चालता झाला. व्हर्नाक्युलर फायनल पास झालेला, मुंबईचं वर्तमानपत्र दोन दिवस शिळं का होईना पण अथपासून इतिपर्यंत वाचणारा माणूस अशा रीतीनं सरकारदप्तरी निरक्षर झाला. पुढच्या सगळ्या भानगडीत त्यांच्या मनाला सर्वांत जास्त लागलं ते हेच.

दुकानात त्या वेळी तीन गिऱ्हाइकं होती. त्यामुळे मुकादम हात पुसून कागद वाचेपर्यंत बातमी बंदराच्या टोकाला पोहोचली होती. दुपारी मुकादमांवर समन्स होतं, चारला वॉरंट झालं, आणि दिवेलागणीला त्यांच्या बायकोचं, जुलेखाबीचं, सांत्वन करायला बाया जमल्या. एकीनं तर येताना खिचडी करून आणली. दुसऱ्या दिवशी खरी गोष्ट कळली आणि गावाचा विरस झाला. मुकादमांना कुणी पकडत नव्हतं. अलिबागेच्या सेशन कोर्टात एका दरोड्याच्या खटल्यात असेसर म्हणून बसायला त्यांना बोलावलं होतं.

“असेसर म्हंजे काय ता मी सांगतो,” अंबाजी म्हणाला. अंबाजी मुकादमांच्या शेजारी राहायचा. कोर्टात अठ्ठावीस वर्षं पट्टेवाला होता. ही अठ्ठावीस वर्षं त्यानं दाराबाहेर उभं राहून साक्षीदारांच्या नावानं ओरडण्यात घालवली असली, तरी कायद्याचं ज्ञान दाराच्या फटीतून बाहेर येतं अशी त्याची श्रद्धा होती. “मुंबयला ज्यूरी असते ना, तसं आपल्याकडं असेसर. जज्ज इचारतो, ‘बोला मुकादम, सोडू का टांगू?’ तुमी बोललात टांगा, की टांगला.”

“दरोड्याला फाशी नसते, अंबाजी.”

“मंग काला पानी. पन धाडणार तुमीच.”

आयुष्यात मुकादमांनी आजवर घेतलेला सर्वांत कठोर निर्णय म्हणजे उंदरानं कुरतडलेलं शीड निम्म्या भावात काढणं, आणि त्यानंतरही दोन रात्री त्यांना झोप लागली नव्हती.

खटला रेवसचाच होता, हे त्याहून वाईट. नझीर शेठ हे बंदरावरचे मोठे व्यापारी. सुक्या बोंबलांच्या पाट्या मचव्यात भरून ते मुंबईला पाठवत. त्यांनी बोंबील वाळवायच्या काठ्या यंदा आगऱ्यांच्या खळ्यावर रोवल्या. जागा आमची, असं म्हणून रावजी आणि त्याचे तीन भाऊ एका पहाटे आले, राखणदार सदूच्या डोक्यावर रिकामी पाटी पालथी घालून त्याला बोंबलांच्या ढिगात बसवला आणि भरलेल्या पाट्या उचलून नेल्या. रावजी हे छातीठोकपणे कबूल करत होता. पण सदूचं म्हणणं, माणसं पाच होती, एकेक पाटी घेतलेली. आणि कायद्याचं म्हणणं असं की, चौघांनी लुटलं तर ती जबरी चोरी, चारसहा महिन्यांचं काम. पाच जणांनी लुटलं की तो दरोडा, आणि मग पाचही जणांना दहा-दहा वर्षं.

पोलिसांनी रावजीच्या अंगणात चार पाट्या पकडल्या. चौथ्या पाटीला टेकून रावजीचा चुलतभाऊ मोरू गाढ झोपलेला सापडला. पाचवा माणूस मिळाला. पाचवी पाटी मिळाली नाही, पण मोरूची अंगकाठी बघून ती कुठे गेली याबद्दल फौजदारांना शंका उरली नाही.

अंबाजीनं मुकादमांची तालीम सुरू केली. असेसरानं हसायचं नाही, खोकायचं नाही, आणि मान तर अजिबात हलवायची नाही. “वकील बोलला आनि तुमची मान हलली, म्हंजे तुमी त्याच्या पार्टीचे!” मुकादम रोज दुपारी तासभर दुकानात लाकडासारखे बसू लागले. एकदा या तालमीत एक खलाशी खिळे मागायला आला. त्यानं तीनदा भाव विचारला, मुकादमांच्या डोळ्यांपुढून हात फिरवला आणि धावत जाऊन जुलेखाबीला सांगितलं की भायना वारा मारून गेला, अंगच हलत न्हाय.

मग कपडे. असेसराला कोट हवा. मुकादमांकडे निकाहातली शेरवानी होती, पण निकाह होऊन एकवीस वर्षं झाली होती आणि जुलेखाबीच्या हाताला चव होती. बटणं काजांपर्यंत पोहोचेनात. जुलेखाबीनं दोन्ही बगलांत शिडाच्या कापडाची पट्टी घातली. शेरवानी बसली, मात्र हात वर केला की वारा फिरल्यावर शीड फडफडतं तसा आवाज येऊ लागला.

“हात वर करायचाच नाही,” मुकादम म्हणाले. “अंबाजीनं हलायला मनाईच केली आहे.”

यातून सुटायचा त्यांनी प्रयत्न केला नाही असं नाही. माफीचा अर्ज सुवाच्य अक्षरात लिहून ते अलिबागेस गेले. कारकुनानं अर्ज वाचला आणि सांगितलं, की गैरहजर राहण्याची परवानगी हवी असेल तर खटल्याच्या दिवशी कोर्टात जातीनं हजर राहून मागावी. मुकादमांनी विचारलं, हजर राहिल्यावर गैरहजेरीची परवानगी कशाला? कारकून म्हणाला, “तेच तर साहेब विचारतात आणि अर्ज नामंजूर करतात.” वर त्यानं नोंदवही उघडली आणि अर्ज कुणाकडून लिहून घेतलात, असं सहज विचारलं.

खरी परीक्षा घरीच होती. त्याच संध्याकाळी मोरूची आई राही मागीलदारी आली. ती मासे विकायची, जुलेखाबीची रोजची. टोपलीतली दोन पापलेटं तिनं पायरीवर ठेवली आणि पदर डोळ्यांना लावला.

“भाय, माजा मोरू आळशी हाय, खादाड हाय, समदा हाय. पन दरोडा? त्यो पाटेचा उटतच न्हाय वो! नऊ वाजता त्याच्या अंगावर तांब्या वतते तवा डोला उगडतो. दहा वर्सं! परत येल तवा मी असन का?”

मुकादमांनी तोंड फिरवलं आणि पापलेटं परत न्यायला सांगितलं. राही गेली, पण पापलेटं तिथंच राहिली. मुकादम टोपी घालून ती परत द्यायला निघाले, तोवर मांजरानं निकाल लावला होता.

दुसऱ्या दिवशी नझीर शेठ दुकानात येऊन बसले. बंदरात मुंबईला जाणारा मचवा त्यांचाच. मुकादमांचं डांबर, कापड, खिळे, सगळा माल त्यातूनच यायचा. शेठ खटल्याबद्दल अवाक्षर बोलले नाहीत. त्यांनी सुंभ चाचपून पाहिला, दर्याकडे पाहिलं.

“ताजुद्दीन, किती वर्षं झाली तुझा माल आणतोय मी?”

“चौदा, शेठ.”

“कधी भिजला?”

“नाही.”

“अल्लाची मेहरबानी,” शेठ म्हणाले आणि उठले. जाताना त्यांनी बोंबलांची एक जुडी गल्ल्यावर ठेवली.

त्या रात्री मुकादमांनी घरात हुकूम सोडला. खटला संपेपर्यंत कुणाकडून काही घ्यायचं नाही, फुकट नाही आणि विकतही नाही. जुलेखाबीनं हिशेब केला आणि तिच्या लक्षात आलं, की रेवसात ओली मासळी आणतात राहीच्या नात्यातले आणि सुकी मासळी विकतात नझीर शेठ.

“म्हणजे जेवायचं काय?”

“डाळ.”

“किती दिवस?”

“पंधरा.”

जुलेखाबीनं कपाळाला हात लावला. दहा दिवसांनी मुकादमांचा चेहरा असा झाला, की मशिदीत लोक त्यांना जागा करून देऊ लागले. एकदा शेजारून बांगडा भाजल्याचा वास आला तेव्हा ते उठले, खिडकी लावली आणि फटींत सुंभ कोंबला. न्याय आंधळा असतो असं ऐकलं होतं. त्याला नाकही नसायला हवं, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

खटल्याच्या दिवशी अलिबागेस जाणारी मोटार एकच. आत एका बाकावर नझीर शेठ आणि सदू, दुसऱ्या बाकावर राही आणि तिचा गोतावळा. सगळ्यांनी सरकून मुकादमांना जागा केली. कुणाच्या शेजारी बसलं तरी पार्टी झालीच. मुकादमांनी ड्रायव्हरला विनंती केली आणि ते शेरवानी सावरत टपावर चढले. वर चार पाट्या सुके बोंबील होते आणि त्यांच्यावर एक पोलीस बसला होता. कोर्टात दाखवायचा मुद्देमाल होता तो. दीड तास मुकादम पुराव्याला धरून बसले. कोर्टाच्या पायरीवर उतरले तेव्हा कुत्री त्यांच्या मागोमाग आली.

असेसर चौघे होते. एक होते नागावचे खोत. ते बसताक्षणी झोपले. दुसरे पेन्शनर मास्तर, त्यांनी कागदावर स्वतःची पेन्शन पुन्हा एकदा काढायला घेतली. तिसरे अलिबागेतले गुजराती वाणी, त्यांचा जीव उघड्या टाकलेल्या दुकानात होता. ते मुकादमांना कुजबुजले, “साहेब बोले ते आपण बोलायचं. बे वाजता छुट्टी.” जज्जसाहेब घाटावरचे, सात्त्विक. चार पाट्या आत आल्या आणि त्यांनी जो रुमाल नाकाला लावला तो निकालापर्यंत काढला नाही.

शिरस्तेदारांनी नावं वाचली. “ताजुद्दीन मुकादम, अंगठा!” असं ते मोठ्यानं म्हणाले. लोकांनी वळून पाहिलं. मुकादम शिरस्तेदारांच्या कानाशी वाकून म्हणाले, “मी फायनल पास आहे.”

“असू द्या,” शिरस्तेदार म्हणाले, “तुमचं मत साहेबांवर बंधनकारक नसतंच. ज्यूरीचं मानावं लागतं. असेसरांचं ऐकून घेतात.”

“म्हणजे... मी सोडा म्हटलं तरी...”

“साहेबांना वाटलं तर सोडतील.”

मुकादम खुर्चीवर बसले. पंधरा दिवसांची डाळ त्यांच्या डोळ्यांपुढून गेली. फटीतला सुंभ आठवला, शिडाची पट्टी आठवली, आणि गर्दीत दाराशी बसलेल्या अंबाजीकडे त्यांनी असं पाहिलं की अंबाजीनं टोपी डोळ्यांवर ओढली. क्षणभर त्यांना हलकंही वाटलं. आपल्यावर काहीच नाही म्हणजे बरंच झालं की! नझीर शेठही नाराज व्हायचे नाहीत. खोतांसारखी झोप लागली तर अतिउत्तम.

पण सदू साक्षीला उभा राहिला आणि झोप उडाली.

“डोक्यावर पाटी होती, मग माणसं पाच हे तू कशावरून सांगतोस?” आरोपींच्या वकिलानं विचारलं.

“मोजली ना! खल्यावरनं धक्क्याकडं जायाला फली हाय. भरली पाटी घेतलेल्या मानसाचा पाय फलीवर पडला की फली ‘धप्’ बोलते. तीस वर्सं ह्याच कानानं मचव्याच्या पाट्या मोजतो मी. एक चुकली न्हाय. पाच झाल्या.”

जज्जसाहेबांनी लिहून घेतलं. सरकारी वकील समाधानानं हसले. साक्ष पक्की होती. सदू खोटं बोलणारा माणूस नव्हता, हे रेवसात सगळ्यांना ठाऊक होतं.

मुकादमांना मात्र ती मोजणी खटकली. त्यांच्या दुकानापासून धक्का तीस हातांवर. सदूची मोजणी ते रोज ऐकत आले होते. रेवसच्या बंदरात पहिली भरलेली पाटी उचलायच्या आधी मोजणारा जमिनीवर हात ठेवतो आणि दर्याच्या नावानं म्हणतो, ‘लाभ’. ती पाटी दर्याची, ती नसलेलीच असते. मग पहिली खरी पाटी उचलली की ‘दोन’. मोजणारा नुसता मोजतो, घेणारा आणि देणारा शेवटी एक वजा करतात आणि त्याबद्दल कुणी कधी बोलत नाही. श्वास घेतो हे कोण बोलून दाखवतं? त्या पहाटे मात्र वजा करायला कुणी नव्हतं. वकील अलिबागचे, फौजदार देशावरचा, साहेब घाटावरचे. त्यांना कोण सांगणार? आणि रावजीला बिचाऱ्याला वाटत होतं की सदू मुद्दाम खोटं बोलतोय.

मुकादमांनी समोर पाहिलं. पिंजऱ्यात मोरू उभ्याउभ्या पेंगत होता. दाराशी राही जमिनीवर बसली होती आणि पदराचा शेव दातांत धरून एकटक पोराकडे बघत होती. पहिल्या बाकावर नझीर शेठ होते. गप्प बसलं तर कुणालाही काही कळणार नव्हतं. पण उद्यापासून रोज सकाळी फळी वाजणार, सदू मोजणार, आणि दुकानात बसून ते आपल्याला ऐकावं लागणार. दहा वर्षं. हे आपल्याला झेपायचं नाही, हे त्यांना स्वच्छ कळलं.

त्यांनी हात वर केला. अख्ख्या कोर्टात शीड फडफडलं आणि मग टर्रकन फाटलं.

“काय आहे?” साहेब दचकले.

“साहेब, एक सवाल विचारायचा आहे.”

सरकारी वकील उठले. “असेसर निरक्षर आहेत, त्यांना प्रक्रिया...”

“मी फायनल पास आहे!” मुकादम गरजले. त्यांच्या पंधरा दिवसांच्या संयमातून बाहेर पडलेलं हे पहिलं वाक्य साहेबांनी, का कोण जाणे, लिहून घेतलं. मग म्हणाले, “विचारा.”

“सवाल नाही साहेब, सदूला ह्या पाट्या मोजायला सांगा. डोळे झाकून. कुणी उचलून नेईल तशा.”

साहेबांनी भुवया उंचावल्या, पण पाट्या लवकर हलतील या आशेनं असेल, परवानगी दिली. सदूच्या डोळ्यांवर पंचा बांधला. पोलिसानं पहिली पाटी उचलायला हात घातला. सदूनं सवयीनं खाली वाकून कोर्टाच्या फरशीवर तळवा टेकला.

“लाभ,” तो म्हणाला.

पोलिसानं पाटी दाराशी नेऊन धप्कन टाकली. “दोन,” सदू म्हणाला. दुसरी पडली. “तीन.” तिसरी पडली. “चार.” चौथी पडली. “पाच!” सदूनं ठणठणीत आवाजात सांगितलं आणि अभिमानानं पंचा सोडला.

दाराशी चार पाट्या होत्या.

सदूनं त्या बोटानं मोजल्या. पुन्हा मोजल्या. मग तो मटकन खाली बसला. “आयला! तीस वर्सं...” एवढंच त्याच्या तोंडून निघालं. रेवसचे लोक एकदम बोलू लागले, वकील एकदम उठले, खोत एकदम जागे झाले आणि “दोषी!” म्हणाले. त्यांना पुन्हा झोपवण्यात आलं.

दुपारी साहेबांनी एकेका असेसराला मत विचारलं. मास्तर म्हणाले, चारच. वाणी म्हणाले, साहेब बोले ते. खोत म्हणाले, हे सगळे म्हणतात ते. मुकादमांनी अंबाजीच्या सल्ल्यानं एक लांबलचक भाषण पाठ केलं होतं. त्यातला एक शब्द आठवेना.

“माणसं चार होती, साहेब. मोरू झोपला होता. तो झोपतोच.”

साहेबांनी पहिल्यांदाच रुमाल बाजूला केला. “मुकादम, कायद्यानं तुमचं मत मला बांधत नाही,” ते म्हणाले, “पण आज दुसरं मत देणं मला जमणार नाही.” रावजी आणि भावांना सहा सहा महिने झाले. मोरू सुटला. हे त्याला हलवून जागं करून सांगावं लागलं.

परतीच्या मोटारीत मुकादम पुन्हा टपावरच बसले. नझीर शेठ आत होते आणि त्यांच्याशी डोळे भिडवायची मुकादमांची छाती नव्हती. चौदा वर्षं कोरडा आलेला माल आता कुठून आणायचा, एवढाच विचार डोक्यात होता. रेवसला उतरले तेव्हा अंबाजी सगळ्यांना सांगत होता की हात वर करायला मीच शिकवलं.

दिवेलागणीला घराच्या पायरीवर राही येऊन बसली. टोपलीत चार पापलेटं होती.

“आता घ्याया हरकत न्हाय ना, भाय?”

“खटला संपला,” मुकादम म्हणाले. “पण विकत. भाव सांग.”

राहीनं भाव सांगितला नाही. ती वाकली, मुकादमांच्या उंबऱ्याला कपाळ लावलं आणि टोपली टाकून निघून गेली.

जुलेखाबीनं पापलेटं तळली. मुकादम पंधरा दिवसांनी मासळीच्या ताटावर बसले. पहिला घास तोंडात घातला आणि दारात नझीर शेठ उभे राहिले.

शेठ आत आले, समोर पाट ओढून बसले.

“सगळ्या गावादेखत मला खाली बघायला लावलंस, ताजुद्दीन,” ते म्हणाले. “तो लट्ठ पोरगा दहा वर्षं आत गेला असता, तर मला चालणार होतं. रागात होतो मी. रागात माणसाला काहीही चालतं.”

मुकादमांनी मान खाली घातली.

“मोटारीत बसून एकच विचार करत होतो. अल्ला न करो, पण उद्या माझ्यावर कुणी बालंट घेतलं, मी त्या पिंजऱ्यात उभा राहिलो, तर त्या खुर्चीवर कोण असावा?” शेठनी टोपी काढून मांडीवर ठेवली. “तूच असावास, दुसरं कुणी नको. मचवा परवा सुटतो. चिठ्ठी पाठव, काय काय माल आणायचा ते.”

मुकादमांना उत्तर द्यायचं होतं, पण घास पुढे जाईना. डोळ्यांत पाणी आलं.

“काय झालं? काटा लागला?” जुलेखाबीनं आतून विचारलं.

मुकादमांनी जोरजोरानं ‘हो’ अशी मान हलवली. पापलेटात घशात अडकेल असा काटा नसतो, हे रेवसच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तरी नझीर शेठनी पाण्याचा तांब्या उचलून मुकादमांच्या पुढे केला.